हिरव्या पेन्सिलीची रेघ

प्रश्न : सायप्रसची फाळणी १९७४ची, मग तिथली ‘हिरवी रेषा’ १९६३ची कशी?

उत्तर : रेषा आधीचीच! डिसेंबर १९६३मध्ये राजधानी निकोसियात ग्रीक आणि तुर्की सायप्रसवासीयांत हिंसाचार पेटला, तेव्हा ब्रिटिश सेनाधिकारी पीटर यंग यांनी दोन्ही समाजांना वेगळं ठेवायला शहराच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. जुलै १९७४मध्ये ग्रीसच्या लष्करशाहीच्या पाठिंब्याने बंड झालं, पाचच दिवसांनी तुर्की फौजा उतरल्या आणि रेघ बेटभर लांबली, सुमारे १८० किलोमीटर. निकोसियातल्या लेड्रा स्ट्रीट या रस्त्यावरून मी पलीकडे, तुर्की सायप्रसवासीयांच्या उत्तर भागात गेलो, तर थोड्याच पावलांत दोनदा पासपोर्ट दाखवावा लागला. अलीकडे युरो, पलीकडे पाट्यांवर लिरातले भाव. उत्तरेने १९८३मध्ये स्वतःला देश म्हणवलं, मान्यता मात्र फक्त तुर्कस्तानची. आणि लेड्रा स्ट्रीटचा हा रस्ता २००८पर्यंत बंदच होता, बरं का!