चाल कागदावर उतरवताना

प्रश्न : मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली, संगीतात एम. ए. करते. लघुप्रबंधाला ‘सीमाभागातील भजनपरंपरा’ हा विषय घेतला आहे. सर म्हणतात, फार मोठा आहे. हातात पाच महिने आहेत. कुठे कात्री लावू?

उत्तर : सरांचं बरोबर आहे. या नावाखाली वारकरी भजन, सोंगी भजन, शिवशरणांची कन्नड वचनं, हरिदासांची कन्नड पदं असं सगळंच येतं आणि पहिली दोन प्रकरणं संतचरित्रांत संपतात. ती चरित्रं परीक्षकांना ठाऊक असतात. तुमच्या गावच्या मंडळाची चाल त्यांनी ऐकलेली नसते. तेच तुमचं भांडवल.

जवळच्या गावांतली दोनच मंडळं घ्या, एक मराठी अभंग म्हणणारं, दुसरं कन्नड पदं म्हणणारं. प्रत्येकाच्या चार चाली पुरेत. प्रश्नही एकच धरा : शब्दांचं वजन बदललं की चाल कुठे वाकते? मोठ्या अभंगाचे चरण ६-६-६-४ अक्षरांचे. शेवटची चार अक्षरं आठ मात्रांच्या (ठोक्यांच्या) भजनी ठेक्यात कशी बसवली, ओढून की मोकळी जागा टाळांना देऊन, हे मोजता येतं. कन्नड वचन गद्याच्या जवळ जातं. तिथे गायक काय करतो, ते शेजारी ठेवून बघा. यातून अख्खं प्रकरण उभं राहील.

ध्वनिमुद्रण पहिल्या सहा आठवड्यांतच उरका. सप्ताहाच्या गर्दीत केलेलं मुद्रण वातावरण दाखवायला ठीक, स्वरलिपीला, म्हणजे चालीचे स्वर लिहून काढायला, निकामी, कारण टाळ गळ्याला झाकून टाकतात. त्याच गायकाला वेगळ्या दिवशी फक्त पेटी आणि मृदंगावर गायला सांगा. माइक तोंडापासून हातभर, मृदंगाकडे त्याची पाठ. मोबाइल असेल तर विमान मोडवर टाका, आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला साधारण १ जीबी घेते. तेवढी जागा आधी मोकळी करून ठेवा. गायकाची लेखी संमती त्याला वाचता येईल त्या भाषेत घ्या.

प्रश्न : स्वरलिपी भातखंडे पद्धतीने लिहू की पलुसकर? आमच्या गुरुजींच्या वहीत पलुसकर आहे.

उत्तर : कोणतीही एक, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तीच. स्वराच्या डोक्यावरचा टिंब भातखंडे पद्धतीत तार (वरचं) सप्तक दाखवतो, पलुसकर पद्धतीत मंद्र (खालचं). वहीतली ओळ तशीच उचललीत तर ते स्वर दोन सप्तकं सरकतील. भातखंडे पद्धत घेतलीत तर कोमल स्वराखालच्या रेघेला जपा. टंकलेखक ती ‘अधोरेखित’ करून देतो आणि मजकूर एका फाइलमधून दुसरीत नेताना ती गळून पडते. मंडळाच्या शेवटच्या भैरवीतले कोमल रे, ग, ध, नी एकदम शुद्ध होतात आणि कागदावर बिलावलचे स्वर उरतात! म्हणून छपाईची पीडीएफ स्वतः गात-गात तपासा.

प्रत्येक मात्रेला तक्त्यात वेगळं घर द्या. भजनी ठेक्याला आठ घरं, त्रितालाला सोळा, त्यासाठी पान आडवं. गायक पेटीच्या कुठल्या पट्टीत गायला, काळी चारमध्ये की पांढरी एकमध्ये, ते वर नोंदवा आणि लिहिताना ‘सा’ सगळीकडे त्या गायकाचाच धरा. ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनिसंपादन प्रणालीत पट्टी न बदलता गती निम्मी करता येते. मुरकी (झरकन घेतलेला स्वरांचा गुच्छ) तेव्हाच सुटी ऐकू येते. एका मिनिटाच्या गाण्याला निदान एक तास धरा.

प्रश्न : प्रत्येक चालीला रागाचं नाव द्यायलाच हवं का?

उत्तर : नाही. आधी लागलेले स्वर आणि चाल कुठे थांबते तो स्वर लिहा. ‘भूपाची छाया’ म्हणता येईल, पण भूपात नसलेला मध्यम अंतऱ्यात लागला असेल तर तोही सांगा. भजनी चाल रागाशी बांधलेली असतेच असं नाही, आणि तिला ओढून-ताणून रागात कोंबणं हा तिच्यावर अन्याय आहे.

प्रश्न : कन्नड पदं देवनागरीत छापली तर चालतील?

उत्तर : चालतील, पण शेजारी कन्नड लिपीतला पाठ हवाच. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व असतात तसे दीर्घही. मराठी लेखनात दोन्ही सारखेच दिसतात. ‘एल्ल’मधला ए ऱ्हस्व, ‘एळु’मधला दीर्घ. कुठला स्वर एका मात्रेत संपला आणि कुठला दोन मात्रा टिकला, हेच तुमच्या प्रबंधाचं मोजमाप. तिथे अक्षर चुकलं तर तक्ताही चुकेल. कन्नड जाणणाऱ्या व्यक्तीकडून पाठ मुद्रण ऐकवत तपासून घ्या, नुसता वाचायला देऊ नका.