पुत्र म्हटला की बापानंतरचाच, मग येशू सनातन कसा?

तुम्ही विचारलंय, येशू देवाचा पुत्र असेल तर तो पित्याच्या मागूनच आला असणार, मग ख्रिस्ती लोक त्याला सनातन कसं म्हणतात? शिवाय कलस्सैकरांस पत्रात त्याला 'सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ' म्हटलंय, त्याचं काय?

मागूनबिगून काही नाही. आधी आणि नंतर हा हिशेब काळाच्या आतला, आणि काळच मुळी त्याच्याद्वारे झाला. चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा पाळक अरियस तुम्ही विचारताय तसंच म्हणायचा, की पुत्र नव्हता असं एकदा होतं. 325 साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ते साफ फेटाळलं.

हा विषय निघाला की मला राहवत नाही. आमच्या बायबल अभ्यासात एक वडीलधारे गृहस्थ होते, वचनं तोंडपाठ. त्यांचं ठाम मत, 'शब्द' (योहानाच्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीला येशूला हेच म्हटलंय) अनादी आहे, पण 'पुत्र' तो मरीयेच्या पोटी आल्यावर झाला. आधार दुसऱ्या स्तोत्राचा: 'आज मी तुला जन्म दिला आहे.' मी म्हटलं, काका, प्रेषितांची कृत्ये 13:33 काढा. पौल तेच वचन पुनरुत्थानाला लावतो. 'आज' म्हणजे पुत्रत्वाची सुरुवात धरली, तर येशू बेथलेहेमातही पुत्र नव्हता, थेट कबरेतून उठल्यावर झाला असं म्हणावं लागेल. मान्य आहे? त्यांनी बायबल मिटलं, पानांत बोट तसंच ठेवून. म्हणाले, "बाप आधी, मुलगा नंतर, एवढं लहान पोरालाही कळतं." आणि लगेच समाप्तीची प्रार्थना सुरू केली.

कळतं ते माणसांच्या बापाबद्दल. माणूस आधी असतो, बाप मागून होतो. देव मागून काही होत नाही. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याने अरियसच्या लोकांना हेच सुनावलं होतं: पुत्र कधीतरी नव्हता, तर पिताही तेव्हा पिता नव्हता. ज्योत आहे आणि उजेड अजून यायचाय, असं होतं का? योहान 17:24 मध्ये येशू स्वतः म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वी पित्याने माझ्यावर प्रीती केली. तुमच्याशी कोणी असा वाद घातला, तर हे वचन त्यालाच मोठ्याने वाचायला लावा. प्रार्थनेत पळू देऊ नका.

'ज्येष्ठ'चं म्हणाल तर पुढचंच वचन वाचा: सगळं त्याच्या ठायी निर्माण झालं. 'सगळं' त्याने केलं, तर तो त्या 'सगळ्यात' कसा मोडेल?

एक मात्र खरं, त्या काकांना अरियसपंथी म्हणणं अन्यायाचं होईल. येशू अनादी देव आहे हे ते मानत होते, अडत होते फक्त पुत्रत्वापाशी. पण तिथेही त्यांचं चूकच होतं.