'विनयभंग' या शब्दातला विनय कोणाचा?

एका महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेने विचारलं आहे: "आमच्या अंतर्गत तक्रार समितीसाठी मराठीत फलक लावायचा आहे. कुणी म्हणतं 'छेडछाड' लिहा, कुणी 'विनयभंग', कुणी 'लैंगिक छळ'. विद्यार्थिनींनी तर मलाच गाठलं. विनय म्हणजे नम्रता ना? मग कुणी नको तिथे हात लावला तर आमची नम्रता कशी मोडते? यातला बरोबर शब्द कोणता?"

फलकावर 'लैंगिक छळ' लिहा. 'विनयभंग' हा फौजदारी कायद्यातल्या ठरावीक कलमाचा शब्द आहे, तो तिथेच राहू द्या. 'छेडछाड' मात्र मुळीच नको. पण खरा प्रश्न विद्यार्थिनींनी विचारला आहे, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

संस्कृतात 'विनय' म्हणजे वळण, शिस्त, रीतीने वागणं. बौद्ध भिक्खूंचे आचारनियम ज्यात आहेत ते 'विनयपिटक', ते याच अर्थाने. मराठीत येईपर्यंत हा अर्थ आक्रसला आणि नम्रतेवर येऊन थांबला. कालिदासाच्या 'शाकुंतला'तला पहिला अंक आठवा. भुंगा शकुंतलेच्या तोंडाभोवती घोंगावतो आहे, ती वैतागली आहे, आणि झाडाआडून पाहणारा दुष्यंत पुढे येऊन विचारतो: 'कः पौरवे वसुमतीं शासति शासितरि दुर्विनीतानाम् । अयमाचरत्यविनयं मुग्धासु तपस्विकन्यासु ॥' दुर्विनीतांना शासन करणारा पुरुवंशी राजा राज्य करत असताना भोळ्या तपस्विकन्यांशी हा कोण अविनयाने वागतो आहे? इथे दुर्विनीत कोण, तर त्रास देणारा. अविनयही त्याचाच. शकुंतलेचं काहीही मोडलेलं नाही, बिघडलेलं नाही.

आता मराठी वाक्य घ्या: 'त्याने तिचा विनयभंग केला.' त्या 'तिचा'कडे नीट पाहा. 'त्याने नियमभंग केला', 'त्याने आज्ञाभंग केला' असं आपण म्हणतो तेव्हा दोष पुरता करणाऱ्याच्या पदरात पडतो. 'विनयभंग' हा शब्दसुद्धा त्याच साच्यातला आहे. 'त्याने विनय सोडला' असा अर्थ त्यातून सहज निघू शकला असता. पण आपण वापरताना षष्ठी तिला जोडली, आणि मोडलेली वस्तू तिच्या मालकीची ठरली. म्हणजे तुमच्या विद्यार्थिनींनी शब्दाची दुखरी जागा बरोबर हेरली आहे.

हे वळण मराठीने आपल्या मनाने घेतलेलं नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३५४ स्त्रीच्या 'मॉडेस्टी'ला धक्का लावण्याच्या उद्देशाने केलेल्या हल्ल्याबद्दल किंवा बळाच्या वापराबद्दल आहे. हिंदीने तिथे 'लज्जा' घेतली, मराठीने 'विनय'. गंमतीने नव्हे, गांभीर्याने सांगतो, की या 'मॉडेस्टी'ची व्याख्या त्या कायद्यात कुठेच नाही. त्यामुळे न्यायालयांनाच पुन्हा पुन्हा शब्दचर्चा करावी लागली.

त्यातला सगळ्यात जिवाला लागणारा खटला 'पंजाब राज्य विरुद्ध मेजर सिंग'. अत्याचार झाला होता साडेसात महिन्यांच्या बाळावर. उच्च न्यायालयाने म्हटलं, एवढ्या लहान जिवाला लज्जेची जाणीवच नसते, तेव्हा हे कलम लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली हे फिरवलं, पण तेही एकमताने नाही. दोन न्यायमूर्ती एका बाजूला आणि सरन्यायाधीश दुसऱ्या बाजूला. न्या. बचावत यांच्या म्हणण्याचा आशय असा, की स्त्रीच्या विनयाचं सार तिच्या स्त्री असण्यातच आहे, मग ती जन्मापासून कोणत्याही वयाची असो. निकाल योग्यच झाला. पण एका शब्दामुळे साडेसात महिन्यांच्या मुलीला 'विनय' असतो का, यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात मतभेद व्हावेत, याचा मला अजून त्रास होतो. पुढे १९९५ साली, पंजाबच्या पोलीस महासंचालकांविरुद्ध तक्रार करणाऱ्या सनदी अधिकारी रूपन देओल बजाज यांच्या प्रकरणात न्यायालयाने पुन्हा शब्दकोश उघडले आणि कसोटी लावली ती अशी: स्त्रीच्या सभ्यतेच्या जाणिवेला धक्का बसावा असं ते कृत्य होतं का? नजर आता कृत्याकडे वळली होती, पण धक्का बसायचा तो तिच्याच सभ्यतेला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुनं ३५४ आता कलम ७४ आहे, शिक्षा किमान १ वर्ष आणि कमाल ५ वर्षं. शब्द तोच. अश्लील शब्द, हावभाव यांबद्दलचं ५०९ आता ७९ झालं, तिथेही तोच. लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यांत सुधारणा सुचवायला २०१२ च्या डिसेंबरात नेमलेल्या वर्मा समितीने महिन्याभरात अहवाल दिला होता आणि ३५४ च्या जागी 'लैंगिक हल्ला' असं सरळ नाव असलेलं कलम सुचवलं होतं. संसदेने २०१३ साली लैंगिक छळ, चोरून पाहणं, पाठलाग अशी नवी कलमं आणली, पण मधोमध 'विनय' ठेवलाच.

शब्द जुना असला म्हणून काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. नागपूरचं उदाहरण बघा. २०२१ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात ठरवलं, की कपड्यांवरून छाती दाबली, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून पॉक्सोखालचा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखालचा, लैंगिक हल्ला होत नाही, हा विनयभंग. पॉक्सोत किमान ३ वर्षं, विनयभंगात किमान १. 'विनयभंग' ही अशी एक खालची पायरी होऊन बसली होती, की मोठा गुन्हा तिथे उतरवता यावा. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी हा निकाल रद्द केला आणि महत्त्व लैंगिक हेतूला दिलं. मुलांसाठीच्या त्या २०१२ च्या कायद्याचं अख्खं काम 'विनय' या कल्पनेवाचून चालतं, हेही लक्षात घ्या.

पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीची भाषा तुम्ही वाचली असेल: 'फिर्यादीच्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन करून विनयभंग केला.' या वाक्यात घडलं काय, ते कुठे आहे? मनगट धरलं? रिक्षा अडवली? जिन्यात अंगाला अंग घासलं? लज्जा आली, विनय मोडला, दोन्ही तिचं; त्याच्या वाट्याला उरलं 'असे वर्तन'. कलमातले शब्द जुळावेत म्हणून हे लिहिलं जातं, हे मला कळतं. पण तेच वाक्य 'त्याने जिन्यात वाट अडवली, माझं मनगट धरलं, सोड म्हटल्यावरही सोडलं नाही' असं आधी लिहून मग कलम लावता येतं. न्यायालयातही हीच वाक्यं तपासली जातात, 'असे वर्तन' कुणी तपासू शकत नाही.

'छेडछाड' का नको, ते थोडक्यात. छेड काढणं म्हणजे खोडी काढणं. तारही छेडतात, रागही छेडतात. शब्दात एक खेळकरपणा आहे, आणि तो त्रास देणाऱ्याच्या सोयीचा आहे. 'सडकसख्याहरी', 'रोडरोमिओ' हे त्याचेच भाऊबंद. रोज बसस्टॉपवर मागे येणाऱ्याला प्रेमकथेतल्या नायकाचं नाव द्यायचं, हे मला कधीच पटलं नाही. त्याला 'पाठलाग' म्हणा. तो कलम ७८ खाली गुन्हा आहे आणि शब्दही अस्सल मराठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये लिंगभावाच्या साचेबंद कल्पनांबद्दल जी पुस्तिका काढली, तिनेही 'ईव्ह टीझिंग' टाकून 'रस्त्यावरचा लैंगिक छळ' म्हणायला सांगितलं आहे.

जाता जाता एक. 'बलात्कार' उच्चारायला जड जातो म्हणून वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं 'अतिप्रसंग' आणि 'अब्रू लुटली' वापरलं. वास्तविक बलात् म्हणजे जबरदस्तीने. जुन्या मराठीत 'बलात्काराने' म्हणजे नुसतं बळजबरीने. तिच्या अब्रूबद्दल तो शब्द चकार काढत नाही, फक्त त्याने काय केलं ते सांगतो. 'अतिप्रसंग' हा तर 'न्याय' नावाच्या जुन्या तर्कशास्त्रातला शब्द, लक्षण म्हणजे व्याख्या नको तिथे लागू पडण्याचा दोष. मराठीत तो सलगीची हद्द ओलांडण्यासाठी आला, आणि हिंसेला सलगीच्या रांगेत नेऊन बसवलं.

'लैंगिक छळ' माझ्या मते योग्य का? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात अंगचटीला जाणं, लैंगिक मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रं दाखवणं हे सगळं आहे, आणि या सगळ्याला बांधणारा शब्द आहे 'नकोसं'. तिला ते नको होतं का, एवढंच बघायचं. ती विनयशील आहे का, तिला लाज वाटली की राग आला, हे प्रश्नच उरत नाहीत. लाज न वाटता नुसता संताप आलेली मुलगीही तक्रार करू शकते, हे फलक वाचून कळायला हवं. 'लैंगिक' शब्द भिंतीवर नको, असं कुणी सहकारी म्हणतील. त्यांना कायद्याचं नाव दाखवा.

फलकावर तक्रारीसाठी घटनेपासून ३ महिन्यांची मुदतही लिहा, आणि सबळ कारण असेल तर समिती ती आणखी ३ महिने वाढवू शकते, हेही. तक्रार लेखी लागते, पण लिहिता येत नसेल तर ती लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. त्या वेळी तिच्या तोंडी 'विनयभंग' घालू नका. ती 'हात लावला' म्हणाली तर 'हात लावला' असंच उतरवा, कुठे आणि कधी ते विचारा, कलमाचं नाव नंतर बघता येईल.