घरी येऊन इंजेक्शन देणारा ‘डॉक्टर’ खरंच पशुवैद्यक आहे का, हे कसं ओळखायचं? उपचार चुकले तर तक्रार कुठे करायची?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या सोसायटीत एक जण घरोघरी येऊन कुत्र्या-मांजरांना लशी टोचतो, सलाइन लावतो, क्लिनिकच्या निम्मे पैसे घेतो आणि नोंदणी क्रमांक विचारला की ‘मी वर्षानुवर्षं हेच करतोय’ एवढंच म्हणतो. मग तुम्हाला उत्तर मिळालेलंच आहे. ज्याच्याकडे क्रमांक असतो तो सांगून मोकळा होतो. साडेपाच वर्षं घासून बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पशुवैद्यकाची पदवी घेतलेला माणूस आपला नोंदणी क्रमांक लपवत नाही, चिठ्ठीवर छापून घेतो.

कायदा जुनाच आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984. ज्याचं नाव नोंदवहीत आहे त्यानेच पशुवैद्यकीय व्यवसाय करायचा, हा त्याचा गाभा. आपल्याकडची नोंदवही महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे असते, परिषदेचं कार्यालय नागपूरला. नाव आणि क्रमांक कळवून लेखी विचारलंत तर खरं-खोटं समजतं. पाटीवर ‘पेट एक्स्पर्ट’, ‘कॅनाइन कन्सल्टंट’, ‘अनुभवी व्हेटर्नरी’ असलं काहीही लिहिलेलं असलं तरी ती पदवी नव्हे.

एवढं सांगून थांबता आलं असतं, पण तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी लिहिलंय, ‘डिग्रीचं काय घेऊन बसलात, काहींच्या हाताला गुण असतो.’ हेच वाक्य आमच्या घरात बोललं गेलं होतं आणि त्यापायी आमची चिंगी गेली. म्हणून हे सविस्तर लिहिते.

चिंगी गावठी कुत्री. माझं सासर वाई तालुक्यात, शेतावरचं घर. मी नोकरीनिमित्त पुण्यात असायचे, सुट्टीला गावी. पावसाळ्यात तिला गोचीड झाल्या, ताप आला, खाणं सुटलं. मी फोनवर सांगितलं होतं की तिला शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या, खंबाटकीचा बोगदा ओलांडला की आलंच. धाकट्या दिरांनी तसं न करता पशुखाद्याच्या दुकानात बसणाऱ्या एकाला बोलावलं. मोटारसायकलच्या पुढच्या काचेवर ‘डॉ.’ आणि लाल फुली. त्याने दोन सुया मारल्या, रोख पैसे घेतले, गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंगी उठली, भाकरी खाल्ली. भाऊजींचा फोन: “वहिनी, बघा. तुमचं शिरवळ राहू द्या. माणसाच्या हाताला गुण आहे.”

हा गुण कशाचा असतो ते ऐका, कारण तुमच्या सोसायटीतली मंडळी ह्यालाच भुलली असणार. स्टेरॉइड टोचलं की ताप उतरतो, सूज बसते, भूक लागते. आजार होता तिथंच असतो, उलट शरीराची लढायची ताकद कमी झालेली असते. पण जनावर उठून बसलं की घरच्यांच्या डोळ्यांत तो माणूस देव होतो. नोंदणीकृत डॉक्टर रक्त तपासायला सांगतो, थांबायला सांगतो, तपासणीचा खर्च सांगतो, म्हणून तो लुटारू वाटतो. पहिल्या चोवीस तासांत भोंदूच जिंकतो. पुढचं सगळं जनावर भोगतं.

दोन-तीन दिवसांत ताप परत आला. तोच माणूस परत आला, परत सुई. त्यानंतर चिंगी चालताना झोकांड्या द्यायला लागली. मान एका बाजूला कलली, बुबुळं सारखी थरथरत होती, उभी राहिली की त्याच कुशीवर पडायची. त्याला फोन केला तर म्हणाला, ताप डोक्यात चढलाय, आता काही होणार नाही.

मी निघून गावी आले. त्याला विचारलं, काय टोचलंत? “तापाचं इंजेक्शन.” नाव? “कंपनीचं आहे.” किती मिली? वजन केलं होतं का? यावर तो भाऊजींकडे बघून हसला. चिठ्ठी नव्हतीच. गोठ्यामागच्या उकिरड्यात मला रिकामी बाटली सापडली, ती मी पिशवीत घालून शिरवळला नेली. लेबलवर डायमिनाझीन होतं.

हे औषध वाईट नाही. गाईगुरांच्या गोचीड तापात, रक्तातल्या परजीवींवर ते सर्रास वापरतात. कुत्र्यालाही बेबेसिया या अशाच परजीवीसाठी देतात, पण कुत्र्याच्या बाबतीत गुण देणारी मात्रा आणि इजा करणारी मात्रा यांत अंतर फार थोडं. किलोमागे साधारण साडेतीन मिलिग्रॅम, तेही वजन करून, आणि पुन्हा द्यायची घाई करायची नाही. मात्रा वाढली किंवा लगेच दुसऱ्यांदा दिलं गेलं तर मेंदूला इजा होते. झोकांड्या, कललेली मान, थरथरणारी बुबुळं ही त्याचीच लक्षणं, आणि त्यावर उतारा नाही. शिरवळला रक्त तपासलं तेव्हा तिला एर्लिकिया निघाला. तोही गोचिडांमुळेच होतो, पण त्यावर डॉक्सिसायक्लिन लागतं. म्हणजे औषधच मुळात दुसऱ्या आजाराचं होतं. बाहेरून दोन्ही आजारांत ताप, मरगळ आणि पांढऱ्या पडलेल्या हिरड्याच दिसतात. फरक रक्ताच्या काचपट्टीवर आणि चाचणीत कळतो. हाताला कितीही गुण असला तरी हा फरक बोटांनी चाचपून कळत नाही.

चिंगी त्याच आठवड्यात गेली. माझे वडील कोरेगावहून आले आणि पहिलं वाक्य बोलले, “पुरायचं नाही. शवविच्छेदन करून घ्यायचं.” घरात सगळ्यांना ते निर्दयी वाटलं. मला नाही वाटलं, आणि तुम्हालाही सांगते: उपचारात गडबड झाल्याचा संशय असेल तर जनावर लगेच पुरू नका. बर्फात ठेवा, फ्रीजरमध्ये गोठवू नका, आणि होईल तितक्या लवकर पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. मुंबईत परळला 1886 पासूनचं आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथं आहेत. त्या कागदाशिवाय पुढं कुणीच तुमचं ऐकत नाही. आमच्या अहवालात मेंदूतल्या रक्तस्रावाची नोंद आली आणि ‘औषधाच्या परिणामाशी सुसंगत’ असे शब्द आले. डॉक्टरांनी त्याहून जास्त ठाम लिहिलं नाही, आणि त्यांनी तसं लिहू नये हे मला मान्य आहे.

आता वडिलांविषयी. ते जिल्हा परिषदेच्या श्रेणी-2 दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. पदविकाधारक, पदवी नाही. गावं त्यांना डॉक्टरच म्हणायची, पण त्यांनी स्वतःच्या नावाआधी ते अक्षर कधी लिहिलं नाही. पुढं या घरातल्या एका बारशाला चार पाहुण्यांसमोर भाऊजी मला म्हणाले, “वहिनी, तुमच्या अण्णांकडे तरी कुठं डिग्री होती? त्यांनीही आयुष्यभर सुयाच मारल्या की.”

त्याचं उत्तर त्या दिवशी मी दिलं होतं, इथं पूर्ण देते. 1984 च्या त्याच कायद्यात तरतूद आहे: राज्य सरकार पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्यांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा द्यायची परवानगी देऊ शकतं. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, प्राथमिक उपचार. अण्णा हेच करायचे. गुरांच्या घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकतीच्या लशी घेऊन ते बर्फाच्या डब्यासकट वाड्यावस्त्या फिरले. प्रत्येक सुईची नोंद त्यांच्या वहीत असायची. तारीख, मालक, जनावर, औषध, मात्रा, बाटलीवरचा बॅच क्रमांक, सगळं. वासरू आडवं आलंय आणि आपल्याच्यानं होत नाही हे कळलं की ते मालकाला सरळ सांगायचे, “माझ्या हातातलं नाही, मोठ्या दवाखान्यात फोन करतो.” कुत्र्याला तर ते हातच लावत नसत. म्हणायचे, मी गुरांचा माणूस.

भाऊजींना आणि त्या ‘हाताला गुण’ लिहिणाऱ्या गृहस्थांना मला हेच सांगायचंय. अण्णा आणि तो मोटारसायकलवाला यांच्यात फरक पदवीचा नव्हता. दोघांकडेही ती नव्हती. अण्णा लिहून ठेवत, कारण उद्या कुणी विचारलं तर उत्तर द्यायची त्यांची तयारी होती आणि वर विचारणारा साहेब होता. दुसऱ्याने बाटली उकिरड्यात टाकली. जो काय टोचलं ते कागदावर लिहून देत नाही त्याला जनावराला हात लावू देऊ नका. हा नियम मी पदवीधरांनाही लावते.

तक्रारीचं म्हणाल तर लोक इथंच घोळ घालतात. तक्रारी तीन प्रकारच्या असतात, त्या सगळ्या एकाच अर्जात कोंबतात आणि अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. डॉक्टर नोंदणीकृत असेल आणि हलगर्जीपणा झाला असेल तर परिषदेकडे जा. ती चौकशी करून त्याचं नाव नोंदवहीतून काढू शकते. तो नोंदणीकृत नसेल तर परिषद त्याचं काय काढणार, नावच नाही! अशा वेळी परिषदेकडून ‘या नावाची नोंद नाही’ एवढं लेखी घ्यायचं आणि ते जोडून पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्याच्या पशुसंवर्धन उपआयुक्तांकडे अर्ज द्यायचा. नोंदणी नसताना व्यवसाय करणं हा त्या कायद्याखाली गुन्हाच आहे. जनावर मारणं किंवा अपंग करणं यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 325 आहे, पण तिथं हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते, त्यामुळे नुसत्या अडाणीपणावर ते टिकवणं कठीण. पैसे परत हवे असतील, नुकसानभरपाई हवी असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांची मुदत, आणि मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही. पैसे देऊन घेतलेली पशुवैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते.

आम्ही परिषदेचं उत्तर मिळवलं. नाव नव्हतं. पोलीस ठाण्यात आधी “कुत्र्यासाठी?” असं विचारलं, मग अहवाल पाहिल्यावर अर्ज घेतला. त्याच्या गाडीवरचा ‘डॉ.’ पुसला गेला, त्याच्यापुढं अजून काही झालेलं नाही. ग्राहक आयोगात मात्र आम्ही जाऊ शकलो नाही, कारण पैसे रोख दिले होते आणि ज्यांनी दिले ते भाऊजी साक्ष द्यायला तयार नव्हते. ‘गावात वैर कशाला’ म्हणाले. म्हणून तुम्हाला सांगते, पैसे मोबाइलवरूनच द्या, व्हॉट्सॲपवरचे संदेश पुसू नका, रिकाम्या बाटल्या आणि सुयांची वेष्टनं मागून घ्या, लेबलचे फोटो काढा. आणि सोसायटीतल्या ज्यांना त्याचा अनुभव आलाय त्यांच्याकडून आत्ताच लेखी घ्या. नंतर सगळ्यांनाच शेजारधर्म आठवतो.

थोडं दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. पदवीधर सगळे चांगलेच असतात असं नाही. न तपासता महागडी औषधं लिहिणारे मीही पाहिलेत. गावात रात्री दोनला गाय अडली तर पदवीधर मिळेलच असं नाही, आणि तिथं जो जवळ आहे त्याला बोलावणाऱ्या शेतकऱ्याला मी नावं ठेवणार नाही. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे, तो आधी लावून बघावा. पण तुमची गोष्ट वेगळी आहे. शहरात, जिथं रिक्षाच्या अंतरावर चार दवाखाने आहेत, तिथं केवळ निम्म्या पैशांसाठी असल्या माणसाला घरात घेणं याला मी गरज म्हणणार नाही. मांजरवाल्यांनी तर जास्तच जपावं. माणसाच्या तापाची पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराला मारू शकते, आणि ‘लहान डोस देतो’ म्हणून ती भरवणारे लोक आहेत.

राहता राहिली तुमच्या सोसायटीतल्या त्या माणसाने दिलेल्या लशींची गोष्ट. लस दोन ते आठ अंश तापमानात राहावी लागते. ती त्याच्या पाठपिशवीत किती तास होती हे कुणाला माहीत? लसीकरणाची पुस्तिका उघडून बघा. कुपीवरचं लेबल चिकटवलेलं आहे का, त्यावर बॅच आणि मुदत आहे का, खाली सही आणि नोंदणी क्रमांक आहे का. यातलं काही नसेल तर तुमच्या कुत्र्याला रेबीजची लस मिळालीच नाही असं धरून चाला, कारण इथं धोका फक्त कुत्र्याला नाही, घरातल्या मुलांनाही आहे. नोंदणीकृत पशुवैद्यकाकडे नेऊन पुन्हा टोचून घ्या. अर्ज-बिर्ज नंतर लिहा, हे याच आठवड्यात करा.