जावयांचा सैनिक पूर्वज चोपड्यात बसून शोधता येईल?

प्रश्न : आमची लेक ओहायोत दिली आहे. जावयांच्या घरात सांगतात, की त्यांचे मूळपुरुष अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पेनसिल्व्हेनियाच्या पलटणीत होते आणि सरकारने बक्षीस दिलेल्या जमिनीवर ओहायोत येऊन राहिले. नातवाला शाळेसाठी त्यांची हकीकत लिहायची आहे, पण नेटवर त्याच नावाचे तीन सैनिक निघतात. खरा कोणता, हे कसे ठरवायचे?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : इथे बसून बरेच जमेल, आणि बहुतेक फुकटात. फक्त सुरुवात युद्धापासून करू नका. माणूस जिथे वारला ती काउंटी (आपला तालुका-जिल्हा यांच्या मधले काहीतरी समजा) आधी पक्की करा. तिथले मृत्युपत्र, वाटणीचे कागद आणि खरेदीखते पाहून बायको-मुलांची नावे लिहून काढा, मग मागे सरका. हे सोडून थेट पलटणीच्या यादीत नाव शोधले, की तुमच्यासारखे तीन सैनिक हाती येतात.

पलटणीचे कागद तसेही तुटपुंजे आहेत. 8 नोव्हेंबर 1800 रोजी युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि दप्तर जळाले. 1814 मध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टन पेटवले, तेव्हा आणखी गेले. पुढे शिल्लक राहिलेल्या हजेरीपटांवरून कार्डे तयार केली, पण त्यांत नाव, हुद्दा, कंपनी आणि महिना एवढेच. बापाचे नाव नाही, गाव नाही.

खरा खजिना पेन्शनची फाइल. 1818 चा कायदा काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या) सैन्यात निदान नऊ महिने किंवा युद्ध संपेपर्यंत चाकरी केलेल्या गरजू सैनिकांसाठी होता. पैसेवालेही अर्ज करू लागले, म्हणून 1820 मध्ये मालमत्तेची यादी सक्तीची झाली. त्या यादीत गाय, डुकरे, किटली, कुणाचे किती देणे, घरात कोण आजारी, सगळे सापडते. 7 जून 1832 च्या कायद्याने मिलिशियावाल्यांनाही (गरजेपुरते बोलावलेले स्थानिक सैनिक) पेन्शन मिळाली. सहा महिन्यांच्या चाकरीला थोडी, दोन वर्षांना पूर्ण, आणि गरिबीचा पुरावा नको. तुमच्या कामाचा हाच अर्ज. यात सैनिकाला शपथेवर विचारत : जन्म कुठला, भरती झालात तेव्हा कुठे राहत होता, युद्धानंतर कुठे कुठे राहिलात? सीमेवरच्या मुक्कामांची साखळी त्याच्याच तोंडून मिळते.

फाइलच्या क्रमांकाआधीचे अक्षर बघा. ‘एस’ म्हणजे स्वतः सैनिक, ‘डब्ल्यू’ म्हणजे विधवा, ‘आर’ म्हणजे नामंजूर. विधवेची फाइल सर्वांत भरगच्च. लग्नाचा दाखला नसला की बाया घरच्या बायबलमधले जन्म-लग्नाच्या नोंदींचे पान फाडून जोडत, आणि ते पान आजही फाइलीत असते. ‘आर’ दिसले म्हणून सोडू नका. चाकरी सहा महिन्यांहून कमी भरली किंवा साक्षीदार मिळाला नाही, एवढ्यावरूनही अर्ज फेटाळले जात. या फाइलींची छायाचित्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या आणि फॅमिलीसर्चच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. आडनाव दोन-चार स्पेलिंगांनी शोधा. जर्मन म्युलरचा मिलर तर सर्रास होई.

एक सावधगिरी. 1832 चा अर्ज म्हणजे म्हाताऱ्याने पन्नासेक वर्षांनी सांगितलेली आठवण. लढायांचा क्रम आणि वय यांत चूक धरूनच चाला, कॅप्टनचे नाव मात्र घट्ट पकडा. त्याची कंपनी कोणत्या काउंटीत उभी राहिली ते कळले, की तीनपैकी दोन नामसखे सहसा गळतात.

आता बक्षीस जमीन. घरची ही गोष्ट आम्हाला जरा लंगडी वाटते. पेनसिल्व्हेनियाने आपल्या सैनिकांना दिलेली जमीन त्याच राज्याच्या वायव्य कोपऱ्यात होती, ओहायोत नव्हे. काँग्रेसने साध्या शिपायाला 100 एकर कबूल केले होते आणि त्यासाठी 1796 मध्ये ओहायोत लष्करी पट्टा राखला. पण तिथे आधी 4,000 एकरांखाली तुकडाच मिळत नसे. 100 एकरवाल्याने चाळीस जण गोळा करावेत किंवा कागद दलालाला विकावा. बहुतेकांनी विकला. 1800 मध्ये 100 एकरांचे गट निघाले, तोवर उशीर झाला होता. तेव्हा जमीन बक्षिसाची की विकत घेतलेली, हे आधी खरेदीखतावर बघा.

खतात माप ‘पोल’मध्ये असेल, घाबरू नका. एक पोल साडेसोळा फूट, आपली गुंठ्याची 33 फुटी साखळी बरोबर त्याच्या दुप्पट. म्हणून चार चौरस पोल म्हणजे एक गुंठा, 160 म्हणजे एकर. नवऱ्याने जमीन विकताना बायकोचा हक्कसोड घेत, त्यामुळे तिचे नाव खताच्या शेवटी मिळते. तिथेच सही आहे की नुसती फुली, तेही टिपा. एकाच साली एकाच करयादीत नाव दोनदा आले आणि एक सही करतो, दुसरा फुली मारतो, तर माणसे दोन. ‘ज्युनियर’ लिहिले म्हणजे मुलगाच असे नाही, पुतण्या किंवा नुसता वयाने लहान शेजारीही असू शकतो.

ओहायोची 1810 ची जनगणना जवळपास सगळी गहाळ आहे, ती पोकळी करयाद्यांनी भरा. 1850 आधी फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. 1840 च्या जनगणनेत मात्र पेन्शनरांची नावे-वये वेगळी आहेत. जन्म 1752 आधीचा असेल तर तारखेत अकरा दिवसांचा फरक पडू शकतो, तो 1752 मध्ये इंग्रजांनी पंचांग बदलल्याचा.

प्रश्न : आमचे खापरपणजोबा भिल्ल पलटणीत होते म्हणतात. त्यांचा माग लागेल का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : ही पलटण इंग्रज अधिकारी औट्रमने 1825 मध्ये उभी केली, तिचे मुख्य ठिकाण धरणगाव. इथेही गावापासून निघा. तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी) आणि जुन्या फेरफारांची नक्कल मागा. कागद मोडीत निघाले तर जाणकार वाचक गाठा. जिल्ह्याचे नाव नीट लिहा : 1906 पर्यंत एकच खानदेश, मुख्यालय धुळे, नंतर शहादा पश्चिम खानदेशात. जुन्या साली नंदुरबार जिल्हा लिहून अर्ज केला, तर ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा घेऊन परत याल.