पेनसिल्व्हेनियाच्या प्रायमरीत पूर्व आणि पश्चिम इतकी वेगळी का मतदान करते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत अध्यक्षपदाची उमेदवारी ठरवायला राज्याराज्यांत प्रायमरी होतात. त्यात मतदार एकाच पक्षाचे, उमेदवारही तेच. तरी एकाच राज्याच्या एका टोकाला एखाद्याला 75 टक्के मतं पडतात आणि दुसऱ्या टोकाला 35 टक्के, हे कसं? ही त्या-त्या भागाची मानसिकता, की पैशाचा खेळ?

सगळ्या राज्यांबद्दल बोलायची माझी ऐपत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या दोन्ही टोकांना मात्र मी राहिलोय. आधी पश्चिमेला पिट्सबर्गजवळ, मोनोंगाहेला नदीच्या काठच्या एका गावात, आणि आता पूर्वेला फिलाडेल्फियाच्या उपनगरी पट्ट्यात, चेस्टर काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा). त्यामुळे उत्तर याच राज्यापुरतं.

पैशाचं आधी उरकतो. 2008 च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ओबामांनी इथे हिलरी क्लिंटनच्या दुपटीहून जास्त खर्च केला आणि तरी नऊ टक्क्यांनी हरले. संध्याकाळी टीव्ही लावला की जाहिरातींमागून जाहिराती ओबामांच्याच असायच्या. आमच्या गावावर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही.

आता भूगोल. फिलाडेल्फिया ते पिट्सबर्ग सुमारे 300 मैल, म्हणजे गाडीने पाच तास, मध्ये डोंगर. पूर्वेचा माणूस न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनकडे बघतो, पश्चिमेचा ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनियाकडे. पूर्वेला पेट्रोल भरायला आणि सँडविच खायला 'वावा', पश्चिमेला 'शीट्झ', आणि यातलं चांगलं कोणतं यावरून ऑफिसात खरोखर भांडणं होतात. पिट्सबर्गचे लोक 'तुम्ही सगळे' या अर्थी 'यिन्झ' म्हणतात, ते ऐकून फिलाडेल्फियावाले हसतात. या दोन शहरांच्या मधला आणि उत्तरेचा डोंगराळ, ग्रामीण पट्टा नकाशावर इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो. राजकारणातली मंडळी त्याला सरळ 'टी' असंच म्हणतात.

मी मूळचा अकोल्याचा. 'सगळं पुण्या-मुंबईला जातं, आपल्याला कोण विचारतो' हे वाक्य लहानपणापासून कानावर पडलेलं. पश्चिम पेनसिल्व्हेनियात पहिल्या वर्षभरातच ते पुन्हा भेटलं, फक्त पुण्या-मुंबईच्या जागी फिलाडेल्फिया होतं.

2002 ची गव्हर्नरपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी घ्या. अध्यक्षपदाची नाही, पण राज्य समजून घ्यायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. एड रेंडेल हे फिलाडेल्फियाचे माजी महापौर, तर बॉब केसी ईशान्येच्या स्क्रँटनकडचे, माजी गव्हर्नरांचे चिरंजीव. 67 काउंट्यांपैकी रेंडेलना फक्त 10 मिळाल्या, बाकीच्या 57 केसींना. निवडणूक मात्र रेंडेलनी जिंकली, आणि तीही आरामात, कारण त्या 10 काउंट्यांत फिलाडेल्फिया आणि आजूबाजूची उपनगरं होती. आमच्याकडच्या लोकांच्या मनात हे बसलं ते बसलंच.

आता 2008. तेव्हा मला मतदानाचा हक्क नव्हता, मी नुसता प्रेक्षक. आमच्या वर्कशॉपचा फोरमन साठीचा गडी, बाप होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात आयुष्य काढलेला. तो कारखाना 1986 ला बंद पडला. मार्चमधल्या एका शुक्रवारी तो मला गावातल्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये फिश फ्रायला घेऊन गेला. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत कॅथलिक लोक शुक्रवारी मांस खात नाहीत, म्हणून गावोगावी तळलेल्या माशाच्या पंगती उठतात. (आपल्याकडे उपासाला साबुदाणा, त्यांच्याकडे ताटाबाहेर लोंबणारा कॉडचा तुकडा. मी तक्रार केली नाही.) दाराशीच एक बाई मतदार नोंदणीचे फॉर्म घेऊन बसली होती. पेनसिल्व्हेनियात प्रायमरी 'बंद' असते, ज्याची नोंदणी त्या पक्षात त्यालाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. त्या वसंतात राज्यातल्या नोंदणीकृत डेमोक्रॅटांची संख्या पहिल्यांदाच 40 लाखांवर गेली.

टेबलावर गप्पा चालल्या होत्या. आरोग्य विमा, इराक यावर कोणी फार बोललं नाही. बोलणं चाललं होतं ते 'ही आपली वाटते का' याचं. हिलरीचे आजोबा स्क्रँटनच्या लेसच्या गिरणीत कामाला होते, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. स्क्रँटन तिथून निम्मं राज्य ओलांडून, पण गिरणी म्हटल्यावर अंतर उरत नाही.

मग एप्रिलमध्ये ओबामांचं ते गाजलेलं वाक्य बाहेर आलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या निधी जमवण्याच्या एका कार्यक्रमात ते बोलून गेले होते की छोट्या गावांतल्या नोकऱ्या गेल्या, माणसं कडवट झाली आणि म्हणून ती बंदुका, धर्म अशा गोष्टींना चिकटून बसतात. मला वाटलं होतं की फोरमन 'कडवट' या शब्दावर भडकेल. तो म्हणाला, "कडवट तर आम्ही आहोतच. पण हे त्याने आम्हाला येऊन सांगितलं नाही, तिकडे जाऊन श्रीमंतांना सांगितलं." त्याच्या लेखी अपमान सॅन फ्रान्सिस्कोत होता. त्याआधी दोनेक आठवडे ओबामा याच राज्यातल्या अल्टूनाला बोलिंग खेळायला गेले होते आणि 37 गुणांवर आटोपले होते. तेव्हा हाच माणूस हसून म्हणाला होता, "चला, आला तर खरा."

22 एप्रिलला निकाल लागला. क्लिंटन साधारण 55, ओबामा 45. आत डोकावलं तर फिलाडेल्फियात ओबामांना 65 टक्के, आणि स्क्रँटनच्या लॅकवाना काउंटीत हिलरींना जवळजवळ तीन चतुर्थांश. आमच्या दक्षिणेकडच्या फेएट काउंटीत, जुन्या कोळशाच्या पट्ट्यात, त्याहूनही जास्त. 67 पैकी ओबामांच्या वाट्याला सात काउंट्या आल्या: फिलाडेल्फिया, तिची दोन उपनगरं, राजधानीचं हॅरिसबर्ग, विद्यापीठाचं स्टेट कॉलेज असलेली सेंटर काउंटी आणि आणखी दोन.

इथे एक गोष्ट गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. मतदानानंतरच्या पाहण्यांत कृष्णवर्णीयांची 90 टक्के मतं ओबामांना होती, आणि गोऱ्यांची 60 हून जास्त टक्के क्लिंटनना. या 'प्रादेशिक वृत्ती'मध्ये वर्णाचा भाग होता, आणि तो लहान नव्हता. जॉनस्टाउनकडचे काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, सदस्य जॉन मर्था स्वतः पश्चिमेचेच. त्यांनी त्याच ऑक्टोबरमध्ये आपला भाग वर्णद्वेषी आहे असं जाहीर बोलून दाखवलं, मग माफी मागितली. लोकांनी त्यांना नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडूनही दिलं. मी त्या हॉलमध्ये बसलो होतो तेव्हाही एकदोन वाक्यं अशी कानावर आली की मी ताटातल्या कॉडकडे बघत राहिलो. पण सगळं त्याच खात्यावर टाकाल तर पुढचं कोडं सुटणार नाही.

त्याआधी एक तांत्रिक गोष्ट, कारण ती तुमच्या प्रश्नात नाही आणि असायला हवी होती. मतं जिंकणं वेगळं आणि डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, जिंकणं वेगळं. डेमोक्रॅट पक्ष डेलिगेट बरेचसे काँग्रेसच्या मतदारसंघांवर वाटतो, आणि ज्या मतदारसंघात आधी पक्षाला जास्त मतं पडली असतील त्याला वाटा जास्त. त्यामुळे 2008 ला फिलाडेल्फियाच्या एका मतदारसंघाला 9 डेलिगेट होते, तर डोंगराळ मध्य भागातल्या एकाला 3. हिलरी दोन लाखांहून जास्त मतांनी जिंकल्या, पण 158 डेलिगेटांची वाटणी झाली 85 आणि 73. म्हणजे इतका गाजावाजा होऊन फरक पडला बाराचा. फोरमनला हे समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे पुन्हा फिलाडेल्फियाच." मला उत्तर सुचलं नाही.

आता कोडं. 2016 ला पुन्हा हिलरी क्लिंटन, समोर बर्नी सँडर्स. निकाल पुन्हा तसाच, साधारण 56 टक्के. वरवर बघणारा म्हणेल, आठ वर्षांत काही बदललं नाही. पण नकाशा जवळजवळ उलटा झाला होता. ज्या फिलाडेल्फियाने 2008 ला त्यांना 35 टक्क्यांवर ठेवलं, तिथेच आता 60 हून जास्त टक्के. आणि डोंगराळ, ग्रामीण काउंट्यांमधल्या बऱ्याच जणींनी व्हरमाँटहून आलेल्या, स्वतःला समाजवादी म्हणवणाऱ्या म्हाताऱ्याला पसंती दिली. त्या काउंट्या डाव्या झाल्या होत्या का? अजिबात नाही.

माझं मत असं, आणि ते मी तिथल्या माणसांच्या तोंडून बनवलंय: हा भाग कोणाच्या बाजूने मत देतो यापेक्षा कोणाच्या विरोधात देतो हे बघा. 2008 ला 'त्यांचा माणूस' ओबामा होते, शहराचे, विद्यापीठांचे, सॅन फ्रान्सिस्कोचे. 2016 पर्यंत ती जागा हिलरींकडे आली होती. आजोबांची गिरणी तीच होती, पण मधल्या काळात त्या परराष्ट्रमंत्री झाल्या आणि बँकांमधल्या भाषणांचे पैसे चर्चेत आले. गिरणी पुसली गेली.

आणि सगळ्यात मोठा फरक नकाशात दिसतच नाही, कारण ती माणसं त्या खोलीतून उठून गेली होती. आमच्या फोरमनने 2016 च्या सुरुवातीला, आयुष्यभर डेमोक्रॅट राहिल्यावर, काउंटीच्या कचेरीत जाऊन नोंदणी बदलली आणि रिपब्लिकन झाला. मला फोन करून सांगितलं, जरासा ओशाळून, बापाच्या फोटोसमोर उभा असल्यासारखा. त्याच्यासारखे हजारो होते. बंद प्रायमरीत हे फार महत्त्वाचं असतं: एखाद्या भागाची नाराजी टोकाला गेली की ती मतपेटीत उलटं मत म्हणून उमटेलच असं नाही, त्या पक्षाच्या मतदारांची यादीच बदलते. रिपब्लिकन बाजूला ट्रम्प त्या दिवशी 67 च्या 67 काउंट्या जिंकले. तिथे पूर्व-पश्चिम असं काही उरलंच नाही. स्क्रँटनशेजारची लुझर्न काउंटी नोव्हेंबरमध्ये दोनदा ओबामांना मत देऊन त्या वर्षी ट्रम्पकडे गेली, तेव्हा टीव्हीवरचे लोक चकित झाले. एप्रिलच्या नोंदणीच्या याद्या कोणी वाचल्या असत्या तर झाले नसते.

माझी स्वतःची गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तोपर्यंत मी नागरिक झालो होतो आणि चेस्टर काउंटीत राहायला आलो होतो. नोंदणी करताना मोठ्या ऐटीत 'कुठलाच पक्ष नाही' यावर खूण केली होती. एप्रिल 2016 ला शाळेच्या जिममध्ये मतदानाला गेलो, तर कळलं की मला ना हिलरी, ना सँडर्स, ना ट्रम्प. माझ्या वाट्याला फक्त दोन प्रश्न. एक फिलाडेल्फियाचं वाहतूक न्यायालय रद्द करण्याचा, आणि दुसरा: न्यायाधीशांच्या निवृत्तीचं वय 70 चं 75 करावं का? मी गंभीर चेहऱ्याने त्यावर मत दिलं. आणि हा दुसरा प्रश्न विधिमंडळाने आधीच नोव्हेंबरवर ढकलला होता, फक्त मतपत्रिका छापून झाल्या होत्या म्हणून तो तिथे उरला होता. त्यावरची मतं धरली जाणारच नव्हती. आयुष्यातलं पहिलं प्रायमरी मतदान असं. चूक माझीच, नियम वाचले नव्हते. दुसऱ्याच आठवड्यात पक्षाची नोंदणी केली. कुठल्या पक्षाची, ते इथे नको.

पूर्वेकडे आलो म्हणून 'प्रादेशिक वृत्ती' ही फक्त खेड्यांची गोष्ट असते असं मी म्हणत होतो, तो समज 2024 ला गेला. रिपब्लिकन प्रायमरी 23 एप्रिलला होती. ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी निक्की हेली मार्चच्या पहिल्या आठवड्यातच शर्यतीतून बाहेर पडलेल्या, प्रचार नाही, जाहिरात नाही. तरी राज्यात त्यांना सुमारे 16 टक्के मतं पडली, आणि आमच्या फिलाडेल्फियाभोवतीच्या उपनगरांत जवळजवळ चौथा हिस्सा. इथली रिपब्लिकन मंडळी जुनी, चर्च आणि शेअर बाजार दोन्ही सांभाळणारी, कर कमी हवेत पण आरडाओरडा नको. त्यांचीही एक वृत्ती आहे, तिला कोणी तसं म्हणत नाही इतकंच.

आमच्या शेजारच्या आजी त्यातल्याच. चाळीस वर्षं रिपब्लिकन, अंगणात गवताचं पातं वाकडं चालत नाही. त्या दिवशी त्या मत देऊन परतताना मी कचऱ्याचा डबा आत आणत होतो. कोणाला दिलंत असं इथे विचारत नाहीत, त्यांनी आपणहून सांगितलं. मी म्हटलं, "पण त्या तर कधीच बाहेर पडल्या ना?"

"ठाऊक आहे," म्हणाल्या आणि आत गेल्या.