नाक आधी, किंमत नंतर

अरे, वाइन चाखायला शिकताना महागड्या बाटलीची घाई नको. नाशिकची साधी सोव्हिन्यों ब्लां ही व्हाइट वाइन घे, गार कर. ग्लास एक-तृतीयांशच भर, गोल फिरव आणि बिनधास्त नाक खुपस. पेरू, ढोबळी मिरची, कापलेलं गवत, जे आठवेल तेच वहीत लिही. वाइनच्या वर्णनांतलं ब्लॅककरंट हे फळ आपण खाल्लंय कुठे?

शिराझ या रेड वाइनने कच्च्या केळ्यासारखी तोंडाला मिठी बसली, तर ते टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतला तुरटपणा, दोष नव्हे. रेड ‘रूम टेंपरेचर’ला म्हणतात ते १६-१८ अंश, आपला मे महिना नव्हे! आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेव.

मी पहिल्या भारी बाटलीसोबत मिसळ खाल्ली होती. वहीत एकच शब्द आहे: तर्री.

उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेव, उद्या पुन्हा चाख, आणि कालचं न वाचता लिही.